स्टाफरूममधलं गाऱ्हाणं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही — आणि कुमसारातही नाही. कुमसार म्हणजे आम्हा ख्रिस्ती लोकांचं पाप सांगणं. जाळीपलीकडे फादर बसतात, अलीकडे आपण गुडघे टेकायचे आणि जे केलं ते बोलायचं. मी वर्षातून चारदा तरी जाते. नवऱ्याला टाकून बोलले, शेजारणीचा हेवा केला, रविवारची चर्चमधली मिस चुकवली — सगळं सांगते. फादर विचारतात, आणखी काही? मी म्हणते, आणखी काही नाही. म्हणजे पाप सांगायला टेकलेल्या गुडघ्यांवरच मी दर वेळी एक खोटं बोलून उठते, आणि बाहेर येऊन मेणबत्ती लावते.

मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, हे एक. दुसरं म्हणजे — आता मला माझाच वास यायला लागलाय. सुकी मासळी पिशवीत विसरावी आणि पंधरा दिवसांनी कपाट उघडावं, तसा. घरातले म्हणतात कसला वास, काही नाही. पण ज्याने पिशवी ठेवली त्याला माहीत असतं.

मी फर्नांडिस बाई. मालवणच्या जवळच्या एका हायस्कुलात एकतीस वर्षं मराठी शिकवलं, गेल्या महिन्यात निवृत्त झाले. शाळेचं नाव सांगत नाही, शाळेचा यात काही दोष नाही. फर्नांडिस आडनावाची बाई मराठी कशी काय शिकवते, हा प्रश्न मला पहिल्या दिवसापासून विचारला गेला. त्याचं उत्तर म्हणून मी सगळ्यांपेक्षा जास्त बोलायला लागले, सगळ्यांपेक्षा जास्त हसवायला लागले. ही सबब नाही. नुसती माहिती देतेय, पुढे लागेल.

करोनानंतर शाळा पुन्हा भरल्या तेव्हा मुलं बदलून आली होती. कुणी वर्गात बसल्या बसल्या रडायचं, कुणी महिनाभर तोंडच उघडायचं नाही. शाळेत एका शिक्षकाने मुलांच्या मनाकडे लक्ष द्यायचं असं ठरलं. बाकीच्यांनी माना खाली घातल्या, मी हात वर केला. दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. जेवणात वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं होतं, हे मला नीट आठवतं. शिकवलेलं त्यामानाने कमी आठवतं. ऐका, मध्ये बोलू नका, हसू नका, दुसऱ्या कुणाला सांगू नका. चारच तर गोष्टी होत्या.

परत आल्यावर मी एक पेटी ठेवायची ठरवली. मुलांनी मनातलं लिहून त्यात टाकायचं. आमच्या घरी गोव्याहून आलेला बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा होता, तो नेला. त्याला फट पाडून दिली गावडे सरांनी.

गावडे सर म्हणजे आमचे चित्रकलेचे शिक्षक. आतल्या बाजूच्या गावचे, घरची भातशेती आणि काजूची बाग सांभाळून मोटारसायकलने येऊन-जाऊन नोकरी करणारे. बेचाळीस-त्रेचाळीस वय, उंच, खांदे रुंद. बोलणं कमी. फट पाडून झाल्यावर पत्र्याची कड ते पॉलिश पेपरने घासत बसले. मी म्हटलं, पुरे आता सर. तर म्हणाले, “पोरांची बोटां कापतीत, बाई.” अर्धा तास घासली. मग डबा निळा रंगवला आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं — मनातलं. त्याखाली बारीक अक्षरांत — नाव लिहायची गरज नाही.

ते खालचं वाक्य माझं. आता तुम्हीच सांगा, एकतीस वर्षं वह्या तपासणाऱ्या बाईला नावाची गरज असते का? मला अक्षरावरून पोर कळायचं. पोराचा मोठा भाऊ कोण होता तेसुद्धा कळायचं. हे मी कुणाला बोलले नाही. सुरुवातीला त्याचा उपयोगही बरा केला. सातवीतल्या एका मुलीने लिहिलं होतं की घरात भांडणं सुरू झाली की मला जेवण जात नाही. तिला मी काहीही न कळू देता मधल्या सुट्टीत माझ्या शेजारी डबा खायला बसवायला लागले. चार महिन्यांत पोर भरली. हे सांगायची गरज नव्हती खरं तर. पण बघा — वाईट सांगायला बसले तरी आपलं एक चांगलं आधी पुढे सरकवलंच.

आता गाऱ्हाण्याचं सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आमच्याकडे देवापुढे गाऱ्हाणं घालतात. गावकर किंवा कुणी जाणता माणूस हात जोडून देवाला मोठ्याने सगळं सांगतो — ह्या लेकराचं हे दुखणं आहे, ते दूर कर, ह्याचं बरं कर. आणि प्रत्येक वाक्याला भोवतीची सगळी माणसं एका आवाजात म्हणतात, व्हय म्हाराजा. म्हणजे तो एकट्याचा नवस राहत नाही, सगळा गाव त्यामागे उभा राहतो. माणसाला बळ येतं त्याने. लग्नात, नव्या गाडीला, नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला, कशालाही घालतात. आणि थट्टेतही घालतात. आमच्या स्टाफरूममध्ये तर रोजचंच होतं. कुणाची बदली अडली, कुणाचं प्रमोशन झालं, कुणाच्या टक्कलावर केस यावेत — घाला गाऱ्हाणं. आणि ते घालायचं मी. ख्रिस्ती बाई गाऱ्हाणं घालते याची सगळ्यांना केवढी मजा. हेडसर विचारायचे, “बाई, तुमच्या येशूक चालता मां?” मी म्हणायचे, तेका मालवणी कळता. हशा.

तर — ती चिठ्ठी.

पावसाळा संपत आला होता. मंगळवार होता, मंगळवारी मी डबा उघडायचे. सात-आठ चिठ्ठ्या होत्या. त्यातली एक चित्रकलेच्या वहीच्या जाड कागदाची. मी उघडली. दहावीतल्या कुणा पोराने लिहिली असेल असं मला वाटलं —

नाही. थांबा. हे वाक्य मी स्वतःला इतक्यांदा सांगितलंय की आता ते आपोआप येतं. दहावीतलं पोर वगैरे काही वाटलं नाही मला. चिठ्ठीत असं होतं:

“सकाळी उठवत नाही. उठलो तरी आंघोळीला जायला तासभर लागतो. शाळेत हसतो. घरी गेलो की काजूच्या झाडाखाली जाऊन बसतो, कशासाठी ते माहीत नाही. पाच महिने झाले. बायकोला सांगितलं तर ती घाबरेल. ही पेटी फक्त मुलांसाठी आहे का?”

दहावीतल्या पोराला बायको असते का? आणि ते अक्षर — शाळेच्या फळ्यावर रोजचा सुविचार कोण लिहायचं? एका दमात ओळभर रेघ आधी ओढायची आणि मग तिला खाली अक्षरं लावायची, असं आख्ख्या शाळेत एकच माणूस लिहायचा. त्यांनी अक्षर लपवायचा प्रयत्नसुद्धा केला नव्हता. मी ओळखावं म्हणूनच लिहिलं असेल का तसं? हा प्रश्न मला पुष्कळ नंतर पडला. त्या वेळी मला एका सेकंदात कळलं की हे गावडे सर आहेत. एका सेकंदात.

आणि मला काय वाटलं माहीत आहे? तुम्ही म्हणाल, वाईट वाटलं असेल, काळजी वाटली असेल. मला शिसारी आली. खोटं कशाला बोलू? एवढा मोठा बाप्या, दोन हातांनी नांगर उचलेल असा, आणि आंघोळीला जायला ह्याला तासभर लागतो? आणि लहान मुलांच्या डब्यात चिठ्ठी टाकतो? मला ते घाणेरडं वाटलं, कुणीतरी चारचौघांत कपडे उतरवावेत तसं. मुलांचं रडणं मला चालत होतं. मुलांचे डोळे मी पदराने पुसत होते, त्याचे फोटो निघत होते. मोठ्या माणसाचं रडणं कुठे ठेवायचं ते मला शिकवलं नव्हतं, आणि शिकवलं नव्हतं म्हणून मला त्याचा राग आला.

भीतीही वाटली. आता ह्यांच्याशी बोलावं लागणार. काय बोलू? पण भीती दुसऱ्या नंबरावर होती. पहिल्या नंबरावर शिसारीच होती. भीती म्हटलं की माणूस जरा बरा दिसतो, म्हणून हे मुद्दाम सांगतेय.

मधल्या सुट्टीत मी स्टाफरूममध्ये गेले. चहा आला होता. सगळे होते. गावडे सर खिडकीजवळच्या त्यांच्या खुर्चीत, कप हातात. मी आत शिरले तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच कपाकडे पाहिलं. ते जे पाहिलं ना — ते मला झोपेतही दिसतं. मंगळवार आहे, बाईंनी डबा उघडला असणार, हे त्यांना माहीत होतं. ते वाट बघत होते.

कुणीतरी विचारलं, “काय बाई, आज पेटयेत काय गावला?” दर मंगळवारचाच प्रश्न. मी दर वेळी उत्तर देत नसे. कधीमधी नाव न घेता एखादी गंमत सांगत असे, तेही चूकच होतं. त्या दिवशी मी म्हटलं, आज तर गाऱ्हाणंच घालायची पाळी आलीय. सगळ्यांनी कप खाली ठेवले.

मी साडीचा पदर डोक्यावर घेतला. तो माझा नेहमीचा प्रवेश. हात जोडले, डोळे वर केले आणि घातलं —

“बा देवा म्हाराजा! आज तुझ्या पायाशी एका लेकराचां गाऱ्हाणां घालतंय.”

“व्हय म्हाराजा.”

“तेका सकाळी उठाक होणा नाय. आंगोळीक जावचो कंटाळो येता. कोंबो आरडाच्या आदी तेका उठव, आणि डोक्यार एक थंड पाण्याची कळशी घाल रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“शाळेत येवन हसता, घरात जावन रडता. तेचां रडणां शाळेत हाड आणि हसणां घरात ने रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

रडणं हे मी माझ्या पदरचं घातलं. चिठ्ठीत रडणं नव्हतं. आणखी दोन-तीन वाक्यं होती. हेडसरांच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. आणि मी त्या सगळ्या वेळात — हात जोडलेले, मान वर — तिरक्या नजरेने खिडकीकडे बघत होते. गावडे सर म्हणत होते. सगळ्यांबरोबर. व्हय म्हाराजा. ओठ हसरे, आवाज बरोबर तालात. शेवटचं व्हय म्हाराजा झाल्यावर त्यांनी उरलेला चहा एका घोटात संपवला, कप स्वतः विसळला, उपडा घातला आणि आठवीच्या तासाला गेले.

तुम्ही अजून मला थोडी सूट द्यायला बघत असाल. थट्टा अंगवळणी पडली होती, ओघात झालं असेल. नाही. गाऱ्हाण्यात मी बायको घेतली नाही. काजूचं झाड घेतलं नाही. शेवटचा प्रश्न घेतला नाही. ज्या गोष्टींनी ते ओळखू आले असते तेवढ्याच मी चिमटीने बाजूला काढल्या, तांदळातले खडे काढावेत तशा. म्हणजे डोकं शाबूत होतं. आणि काय गाळलं ते त्या खोलीत फक्त एका माणसाला कळणार होतं. ज्याने लिहिलं त्याला. ही मला ओळखून हे करतेय, हे त्यांना तिथेच, चहाच्या कपासह, कळलं असणार.

दुसऱ्या दिवसापासून ते मधल्या सुट्टीत चित्रकलेच्या खोलीत बसायला लागले. मला नमस्कार करायचे. पहिल्यासारखाच. दिवाळीची सुट्टी संपली, शाळा सुरू झाली आणि ते आले नाहीत. आधी रजेचा अर्ज आला, मग बिनपगारी रजेचा. स्टाफरूममध्ये म्हणाले, पाठीचं दुखणं असेल. मीही म्हटलं, पाठीचंच असेल.

जानेवारीत त्यांची बायको शाळेत आली. सुनीता. मी तिला एकदा स्नेहसंमेलनात पाहिलं होतं. एसटीने आली होती, पिशवीत माझ्यासाठी ओल्या काजूचे गर होते. सांगायला लाज वाटते, पण मी ते घेतले. ती हेडसरांकडे गेली नाही, माझ्याकडे आली. का? कारण मनाचं बघणारी बाई मी होते. आम्ही मागच्या अंगणात नळाजवळ उभ्या राहिलो.

“बाई, तुमका विचारूक इलंय,” ती म्हणाली. “घरात हे कायएक बोलणत नाय. जेवणत नाय. बागेत जावन बसतत ते तिन्हीसांजेक येतत. शाळेत काय झालां काय?”

मी म्हटलं, नाय गो, शाळेत काय होणार.

मग तिने जे सांगितलं ते ऐका. घरच्यांनी शेवटी ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. देवळात गावकर, शेजारीपाजारी, भावकी, सगळे जमले. सरांना मध्ये उभं केलं. ते आले, हात जोडून उभे राहिले. गावकराने सुरुवात केली — बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराक. आणि लोकांनी पहिलं व्हय म्हाराजा म्हटलं तसे सर वळले आणि देवळाबाहेर चालते झाले. चपला न घालता. दोघांनी धरायला बघितलं तर त्यांनी हात झटकले.

“देवाच्या समोरना उठान गेले, बाई. कदी असां करणारो माणूस न्हय तो. आता लोक म्हणतत बाधा आसा, म्हणान देवाचां नाव सोसणा नाय. तेंका देवाचो कसलो राग इलो, माका कळणा नाय. तुमच्याकडे कायतरी बोलले आसतीत. कायतरी लिवन दिल्यानी आसतीत. तुमका म्हायत आसतला.”

चिठ्ठी त्या वेळी माझ्या पर्समध्ये होती. रोझरीची जपमाळ ठेवायच्या छोट्या पाकिटात. फाडून टाकायचं धाडस मला झालं नव्हतं आणि परत द्यायचंही नाही. पर्स माझ्या खांद्याला होती, तिच्यापासून हातभर अंतरावर. नवऱ्याच्या तोंडून जे इतके महिने निघत नव्हतं ते सगळं त्यात त्याच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. ती वाचून सुनीताला एका मिनिटात कळलं असतं की ही बाधा नाही, दुखणं आहे, आणि दुखण्याला डॉक्टर असतो. देवाचा राग नाही, हेही कळलं असतं. राग कुणाचा, ते मी सांगितलं असतं तर कळलं असतं.

मी म्हटलं, “नाय गो सुनीता. माका काय म्हायत नाय.”

आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. हे मला जास्त किळसवाणं वाटतं — हात फिरवणं. खोटं बोलून गप्प बसले असते तरी एक वेळ. प्रशिक्षणात शिकवलं होतं, समोरच्याला स्पर्शाने धीर द्या. तो दिला. ती रडली. मला म्हणाली, तुमच्याशी बोलल्यावर बरां वाटला. पिशवी घडी करून काखेत घातली आणि तीनच्या एसटीने गेली.

चिठ्ठी दिली असती तर तिने विचारलं असतं, ही कधी मिळाली? मग स्टाफरूममध्ये कुणीतरी हिशेब जुळवला असता. मंगळवार, चहा, गाऱ्हाणं. फर्नांडिस बाईंनी ओळखून केलं, असं लोक म्हणाले असते. बस. एवढंच होतं पारड्यात माझ्या बाजूला. दुसऱ्या बाजूला एक माणूस होता.

त्यानंतरचं वर्ष मला सुनीताकडूनच तुकड्या-तुकड्यांनी कळलं, कारण ती मला फोन करायची. मला! कौल लावले. गंडे बांधले. एका भगताने बंद खोलीत मिरच्यांची धुरी दिली, त्याने त्यांचे डोळे आठवडाभर सुजले होते. मुलीच्या शाळेत पोरं तिला काही काही विचारायला लागली. दर फोनला मी म्हणायचे, धीर धर, मी प्रार्थना करते. करायचेही. प्रार्थना करायला काय लागतं?

आणि त्याच वर्षात — हे वाचून तुम्ही कदाचित कागद खाली ठेवाल — ओरोसला एका कार्यक्रमात आमच्या पेटीचं कौतुक झालं. उपक्रमशील शिक्षिका म्हणून मला शाल, श्रीफळ, प्रमाणपत्र. दोन शब्द बोला म्हणाले. मी दोन शब्द कधी बोललेय? मी म्हटलं, एकदा पेटीत चिठ्ठी आली, सकाळी उठवत नाही, शाळेत हसतो. मी आवाज खाली आणला. म्हटलं, आम्ही त्या मुलाला हाक मारली, त्याचं ऐकलं, आज तो मुलगा आनंदाने शाळेत येतो. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे पुसले. टाळ्या बराच वेळ वाजल्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, पण कोरडा पाषाण परवडला. दगड निदान लोकांची दुखणी विकून शाल घेत नाही.

ती शाल मी अजून वापरते. उबदार आहे.

शेवटी सुनीताच्या भावाने कुणाचं न ऐकता त्यांना कुडाळला मनाच्या डॉक्टरकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या. तीन महिन्यांत माणूस जेवायला लागला, सहा महिन्यांत मोटारसायकल चालवायला लागला. तीन महिने! आणि मी पर्स धरून उभी राहिले त्या दिवसापासून डॉक्टरच्या दारापर्यंत चौदा महिने गेले होते. ते चौदा महिने मी घेतले. त्यांना आमच्याच संस्थेच्या खारेपाटणच्या बाजूच्या शाळेत पाठवलं. तिथे ते अजून आहेत. बरे आहेत म्हणतात.

आता गेल्या महिन्याचं.

माझा निरोप समारंभ स्टाफरूममध्येच ठेवला होता. जुन्या सहकाऱ्यांनाही बोलावणं होतं. मला वाटलं नव्हतं, पण गावडे सर आले. केस पांढरे झालेत, जरा स्थूल झालेत, गोळ्यांनी होतं म्हणतात. सुनीता नव्हती. त्यांनी मला नमस्कार केला. “बऱ्या आसात मां, बाई?” मी म्हटलं, बरी आहे. तुम्ही? म्हणाले, “बरो आसंय.” आणि खिडकीजवळच्या त्याच खुर्चीत बसले. खिडकीत तो डबा होता. निळा रंग कडेने उडालाय, अक्षरं शाबूत आहेत. त्यांनी जाता जाता त्याच्या फटीवरून बोट फिरवलेलं मी पाहिलं. कड अजून गुळगुळीत आहे का, ते बघत असावेत. सवयीने.

भाषणं झाली. बाईंनी मुलांना बोलतं केलं, बाई म्हणजे शाळेची आई, सगळं झालं. भजी आली. आणि मग कुणीतरी म्हणालं, बाई, शेवटचं एक गाऱ्हाणं होऊन जाऊंदे. सगळे उचलून धरायला लागले. नव्या शिक्षकांनी नुसतं ऐकलं होतं, त्यांनी मोबाइल काढले.

मी सरांकडे पाहिलं. ते माझ्याकडेच बघत होते. त्या नजरेत राग नव्हता, काही मागणंही नव्हतं. नुसते बघत होते, आता ही काय करते ते.

घसा बसलाय म्हणायला किती वेळ लागतो? आज नको म्हणायला? तीन वर्षं मी मनातल्या मनात त्यांचे पाय धरत होते. इथे पाय धरायचे नव्हते. फक्त एकदा नाही म्हणायचं होतं. तेवढं केलं असतं तरी त्यांना कळलं असतं.

मी पदर डोक्यावर घेतला.

“बा देवा म्हाराजा!”

पहिलं व्हय म्हाराजा झालं तेव्हा गावडे सर उठले. सावकाश, कुणाला धक्का न लावता, खुर्ची न वाजवता. व्हरांड्यात गेले आणि पाठ करून उभे राहिले. उघड्या दारातून मला त्यांचे रुंद खांदे दिसत होते. बाकी कुणाचं लक्ष नव्हतं, सगळे माझ्याकडे बघून हसत होते. माझं लक्ष होतं. मला दिसत होतं की तो माणूस दारापलीकडे माझं गाऱ्हाणं संपायची वाट बघत उभा आहे.

मी थांबले नाही. माझा आवाज त्या दिवशी छान लागला होता. दहा-बारा वाक्यं घातली, शेवटपर्यंत घातली.